विसाव्यापर्यंत

मुंबईच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. मनगटावरचं घड्याळ अजून तिकडचीच वेळ दाखवत होतं. ते बदलायचं सुचलं नाही, सारखी फोनवर बघत राहिले. वडील आदल्या संध्याकाळी गेले होते. माझ्यासाठी रात्रभर त्यांना घरात ठेवलं होतं. धाकट्या भावाचा निरोप दोन ओळींचा होता: "ताई, काका दुसरी रात्र ठेवू देणार नाहीत. पाचला उचलणार."

मला फक्त त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यासाठी पाचच्या आत निघोजे गाठायचं होतं.

टॅक्सीचा चालक पन्नाशीचा, बीडकडचा. गाडी वळवता वळवता त्याने विचारलं, "गावाकडं काही कार्यक्रम?"

"वडील गेले."

त्याने गाणी बंद केली. "बसा ताई. बघू."

पर्समध्ये एक पुस्तक होतं. विमानात एकच पान चार वेळा वाचलं होतं. ते बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. खंडाळ्याच्या घाटात ट्रक ओळीने उभे होते, तिथे अर्धा तास गेला. भावाचा फोन आला. "कुठवर?" मी म्हटलं, "घाट उतरतोय." खरं तर आम्ही अजून चढतच होतो, आणि त्या बाजूने घाट उतरायचा नसतोच, हे त्यालाही माहीत होतं.

तळेगाव जवळ आलं तेव्हा साडेतीनला दहा मिनिटं कमी होती.

"ताई, मी काय म्हणतो, देहूरोडपर्यंत सरळ जाऊ," चालक म्हणाला. "तळवड्याकडनं नदी ओलांडली की तुमचं निघोजे. थोडं लांब पडंल, पण गाडी हालती राहील."

"नको. तळेगावलाच बाहेर पडा. चाकण रोडने महाळुंगे आणि तिथून आत. मी तिथलीच आहे."

"तिथल्याच हाव म्हणून तर इचारलं," तो म्हणाला. "बरं."

पहिले काही किलोमीटर रस्ता मोकळा होता. मग पुढे कंपनीची एक पांढरी बस दिसली, तिच्यापुढे आणखी एक, आणि त्यांच्यापुढे कंटेनर. गाडी थांबली तेव्हा मला आठवलं. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते.

वडिलांनी तीस वर्षं पहिली शिफ्ट केली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते बजावत, "तीनच्या आत या, नाहीतर पाचनंतर. मधे त्या रस्त्याचं नाव काढू नका." माझ्या साखरपुड्याची वेळसुद्धा भटजींनी नाही, त्यांनी काढली होती. त्यांची मुलगी असून, एका जाणत्या माणसाने दुसरा रस्ता सुचवला असताना, मी हट्टाने इथे आले होते.

चार वाजून गेले. साडेचार झाले. चालकाने एकदाही "म्हटलं होतं ना" म्हटलं नाही. त्यानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

महाळुंग्याच्या अलीकडे त्याने काच खाली केली आणि बसच्या कडेने वाट काढणाऱ्या एका दुचाकीवाल्याला हात केला. "ओ भाऊ, निघोज्याकडं जाताय का? बाईंचे वडील गेलेत, पाचला उचलणारेत."

तो माणूस शिफ्ट सुटून घरी निघाला होता. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने मला एकवार पाहिलं. "बसा."

"बॅग मी मागनं आणतो," चालक म्हणाला. "तुमची बॅग घिऊन बीडला न्हाई पळत. जावा."

कंपन्यांच्या भिंतींमागून, पत्र्याच्या शेडांमधून, एका अर्धवट सिमेंटच्या रस्त्याने त्याने गाडी काढली. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "घट्ट धरा, फुडं खड्डं हायेत."

घरापाशी पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातून पाण्याचा ओघळ येत होता. बायका फरशी धूत होत्या. वडिलांना ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा लावला होता.

आत्या दारात आली. "आत्ताच नेलं गं पोरी. लई थांबलो."

मी वळले. तो माणूस अजून गाडीवरच होता, गाडी चालू.

"घाटावर बायका जात न्हाईत," आत्या मागून म्हणाली. मग हळूच म्हणाली, "विसाव्यापातूर गाठलंस तर बघ."

नदीकडे जाताना निम्म्या वाटेवर एक लिंबाचं झाड आहे. तिरडी तिथे घटकाभर खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि पुढे निघतात. दोन-तीन मिनिटांचं काम.

लांबूनच माणसं दिसली. उभी होती. काकांचा आवाज ऐकू आला. "आरं, दिवस चालला. उचल पाय!"

सगळ्यांच्या पुढे माझा भाऊ उभा होता, अनवाणी, हातात विस्तवाचं मडकं. मडकं धरणाऱ्याला मागे वळून बघायचं नसतं, आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नसतं. तो जागचा हलला नव्हता, म्हणून सगळी वाट अडली होती. मडक्यातून धूर येत होता. दोरी त्याच्या बोटांत रुतली होती.

मी गाडीवरून उतरून पळाले. कोणीतरी बाजूला झालं. मी तिरडीपाशी खाली बसले. दाढी केली होती. कपाळाला गुलाल होता. उजव्या भुवईवरची खूण, मशीनवर कधीतरी लागलेली, तशीच होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. थंड होती.

पुढे तोंड करूनच भावाने विचारलं, "आली का?"

काकांचा आवाज आता उतरला होता. "आली रं. हाय हितं."

"बघून झालं की सांग, ताई," तो म्हणाला.

मी आणखी थोडा वेळ बसले. मग "झालं" म्हटलं, आणि त्याने पाय उचलला.