तोमेकिचीचे वायाचे ठोके

नव्या राज्याच्या सहाव्या वर्षी, जानेवारीच्या चार तारखेला, सगळ्या तानेगावाने सकाळी नऊ वाजता दुपारचं जेवण केलं. याचं खापर पुढे तोमेकिची घंटेवाल्याच्या डोक्यावर फुटलं, पण खरी करणी प्रस्तुत लेखकाची. हा लेखक तेव्हा गावच्या नव्या शाळेत मास्तर होता. जिल्ह्याच्या गावी आठ महिने शिकून आलेला, म्हणजे जगात कळण्यासारखं जे काही आहे ते कळून चुकलेला. तोमेकिचीला अक्षरओळख नव्हती. कचेरीचा हुकूम वाचून घ्यायला तो शाळेच्या पायरीशी आला, आणि मास्तरांनी पहिला कागद खणखणीत वाचला: जुनं पंचांग रद्द, जुने प्रहर रद्द, कचेरी उघडली की घड्याळात जेवढे वाजतील तेवढे ठोके. दुसराही कागद होता. आधी दहा दिवस गावात दवंडी पिटावी, चौकात पाट्या लावाव्यात, तोवर घंटेला हात लावू नये, असं त्यात होतं. पण मास्तरांचा चहा निवत होता, आणि दुसऱ्या कागदावर नुसत्या सह्याच असतात असा त्यांचा समज होता.

नऊ ठोके म्हणजे भर दुपार, हे तानेगावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. उजाडताना सहा, मग पाच, मग चार, माथ्यावर सूर्य आला की नऊ, आणि तिथून आठ, सात करत पुन्हा दिवेलागणीला सहा. इतका सरळ मामला. शिवाय मोजणीच्या आधी तीन ठोके सावकाश पडायचे, लोकांनी कान टवकारावेत म्हणून. ते मोजायचे नसत. त्यांना वायाचे ठोके म्हणत.

चार तारखेला कचेरी उघडल्याच्या खुणेचं पांढरं फडकं खिडकीतून हललं, तसे तोमेकिचीने तीन वायाचे ठोके दिले आणि मग नऊ मारले. जुन्या वळणाच्या लोकांनी वायाचे सोडून नऊ मोजले आणि दुपार झाली म्हणून डबे उघडले. नव्या वळणाच्या लोकांनी पहिल्यापासून बारा मोजले, आणि नव्या रीतीने दुपार झाली म्हणून त्यांनीही डबे उघडले. रंगाऱ्यांनी कापड निळीच्या हौदात तसंच सोडलं. शाळेची भिंत बांधणारे सुतार जेवून आडवे झाले. अंमलदार इवासेसाहेब कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली बसले, घड्याळ नऊ दाखवत होतं, आणि त्यांनी भात, मुळ्याचं लोणचं आणि अर्धा खारा मासा स्वस्थपणे संपवला. सूर्य अजून रंगाऱ्यांच्या छपरावरही आलेला नाही हे गावाच्या ध्यानात आलं तेव्हा डबे रिकामे झाले होते. खऱ्या दुपारी सगळं गाव उपाशी, आणि तिसऱ्या प्रहरी काम करायला एकाच्याही अंगात त्राण नाही.

तोमेकिची तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. मनोऱ्यावरची घंटा त्याच्या आजाला गढीच्या सरदाराने सोपवलेली. तेव्हापासून मनोऱ्याच्या पायथ्याचं दोन खोल्यांचं घर आणि घंटेचा दोर या घराण्यात चालत आलेले. राखेच्या तबकात नागमोडी चर काढून त्यात तो उदाची भुकटी भरायचा. ती जळत कुठवर आली त्यावरून त्याचा वेळ. उजाडल्याची खूण त्याहून सोपी. अंगणात उभं राहून तळहात डोळ्यांपुढे धरायचा. रेषा दिसल्या की दिवस लागला. बापाचा गेला त्याच वयात त्याचाही उजवा कान गेला होता, त्यामुळे आपण हळू बोलतोय असं समजून तो शेजारच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचा. आयुष्यात तो सलग रात्रभर झोपलेला नव्हता. बायको ओत्सुने सांगायची की लग्नाच्या रात्रीही नवरा दोनदा उठून गेला, आणि दोन्ही वेळा सगळ्या गावाला कळवून आला.

दिवस लांबला की प्रहर लांबायचा, दिवस आखडला की आखडायचा. यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. इवासेसाहेबांनी त्याला पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ दाखवलं तेव्हा त्याने एकच विचारलं, उन्हाळ्यात हे काय करतं? हेच करतं, साहेब म्हणाले. "म्हणजे बिचाऱ्याला दिसत नाही," तो म्हणाला.

इवासेसाहेबांचीही गंमतच होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या कमरेला दोन तलवारी आणि डोक्यावर शेंडीचा बुचडा होता. आता केस कापलेले, अंगात दुसऱ्याच कुणाच्या मापाचा काळा कोट, आणि कोटाच्या खिशातून लोंबणारी चांदीची साखळी. साखळीच्या टोकाला घड्याळ आहे की नाही, हे मात्र गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तोमेकिचीला बोलावलं आणि चटईवर न बसता खुर्चीवर बसून, कारण खुर्ची नवी होती, झाडायला सुरुवात केली. तुझ्यापायी माझी शोभा झाली, असं ते चार तऱ्हांनी म्हणाले. मग मुद्द्यावर आले. वीस तारखेला वरून तपासनीस येणार, दुपारची घंटा स्वतः ऐकणार. बारा ठोके पडले तर ठीक. नाही तर घंटा मोडीत तांब्याच्या व्यापाऱ्याला, गढीच्या पडक्या बुरुजावर दुपारची तोफ, आणि मनोऱ्याखालचं घर तोफवाल्याला.

"आणि वायाचे ठोके, सरकार?" तोमेकिचीने विचारलं.

"बंद. नव्या राज्यात वाया काही जात नाही."

घरी येऊन बघतो तर ओसरीवर दोन आळ्यांचे पंच बसलेले, पुढ्यात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली. घंटेवाल्याला घरटी मापभर तांदूळ द्यायचा, ही गावाची जुनी रीत. कचेरीतून त्याला आजवर एक दाणा मिळालेला नव्हता. पंच गोड बोलले. तोमेकाका, आमच्या बायका अजून हसतायत, रंगाऱ्यांचं चाळीस वार कापड काळं पडलं. बारा-बिरा आम्हाला कळत नाहीत. दुपारी नऊ पडले तर तांदूळ, नाही तर कचेरीकडून घड्याळ मागून घ्या आणि तेच शिजवा. बाटली तेवढी उघडून, संपवून गेले.

म्हणजे घंटा कचेरीच्या हातात आणि तांदूळ गावाच्या. तोमेकिचीने पालथी घातलेली बादली पुढ्यात घेतली आणि मुसळाच्या तुकड्याने सलग बारा ठोके मारायचा सराव सुरू केला. जमेना. तीन झाले की हात आपोआप थबकायचा, एक श्वास घ्यायचा आणि मग पुढचे नऊ भरभर मारायचा. तीस वर्षांचा हात. त्याला कुणी हुकूम वाचून दाखवला नव्हता. चार दिवस हे ऐकून शेंगा सोलत बसलेल्या ओत्सुनेचं डोकं उठलं.

"अहो, ती बादली फोडताय कशाला? जन्मभर तुम्ही बाराच मारताय."

तोमेकिचीने डावा कान पुढे केला.

"तीन आणि नऊ किती? साहेबाला बारा हवेत, गावाला नऊ हवेत. दोघांना एकाच भांड्यातलं वाढा. कोण कुठून मोजतो ते बघायला तुम्हाला ठेवलंय का?"

त्याने मुसळाचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, हे खोटं नाही का?

"ठोके खरे मारणार ना? मग झालं तर."

झालं तर म्हणणं सोपं होतं. वायाचे ठोके बंद असा खुद्द साहेबांचा शब्द होता, आणि मधला श्वास बहिऱ्यालाही कळला असता. पण दुसरं काही सुचेना, आणि घरातला तांदूळ महिनाअखेरीपर्यंतच होता.

वीस तारखेला गुडघाभर बर्फ पडलं. नव्या काळाची तपासणी करायला तपासनीससाहेब डोलीतून आले, चार भोयांच्या खांद्यावर, जशी त्यांच्या आजोबांची स्वारी निघायची तशी. पायात मात्र चकचकीत चामड्याचे विलायती बूट. मनोऱ्यावर चढूनच बघणार असा त्यांनी हट्ट धरला. चाळीस पायऱ्या, एकेकीवर बर्फ, मागून इवासेसाहेब, त्यांच्या मागे कारकून. वर पोहोचल्यावर तपासनीसांनी खिशातून घड्याळ काढलं. थंडीने ते वाटेतच बंद पडलं होतं. त्यांनी इवासेसाहेबांकडे पाहिलं. इवासेसाहेबांनी साखळीवरून हात फिरवला आणि कारकुनाकडे पाहिलं. कारकून कशाला बोलतोय. कचेरीतलं घड्याळ रोज मागे पडायचं आणि रोज सकाळी तोच तोमेकिचीला गुपचूप वेळ विचारून काटे पुढे सारायचा. शेवटी तिघंही तोमेकिचीकडे बघू लागले, आणि तोमेकिची राखेच्या तबकाकडे.

भुकटी वळणावर आली. त्याने दोर धरला. एक. दोन. तीन. हात थबकला.

इवासेसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग बर्फासारखा झाला. खाली आळीत कुणीतरी डबा उघडल्याचा आवाज आला. तोमेकिचीने श्वास घेतला आणि पुढचे नऊ ओढले. तपासनीसांचे ओठ हलत होते.

"बारा," ते म्हणाले. मग: "तिसऱ्यानंतर थांबलास का?"

आता घर, घंटा, तांदूळ, सगळं या उत्तरावर टांगलेलं. वय झालं, दम लागतो, असं सांगता आलं असतं. ओत्सुनेने तसं शिकवूनही ठेवलं होतं. पण तोमेकिचीला खोटं हळू बोलता येत नसे, आणि मोठ्याने बोलायची त्याला लाज वाटली.

"जुनी सवय आहे, सरकार," तो गावभर ऐकू जाईल असा म्हणाला.

तपासनीसांनी खाली पाहिलं तर रंगारी, सुतार, बाजारातल्या बायका, सगळं गाव बाराच्या ठोक्याला शिस्तीत जेवायला बसलेलं. त्यांनी आपलं बंद घड्याळ या घंटेवरच लावून घेतलं आणि म्हणाले, थांबला तरी चालेल, आकडा बरोबर आहे. प्रजा किती लवकर शिकते. इवासेसाहेब वाकून म्हणाले, आपलं मार्गदर्शन. चार वर्षं गावात होते, पण इतकं खाली वाकलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी इवासेसाहेबांनी हुकूम काढला की यापुढे घंटा फक्त दुपारी वाजेल. बाकीच्या तासांचा मेळ कुठल्याच बेरजेने बसणार नाही, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. अशी तानेगावात सुधारणा आली, दिवसातून एकदा, जेवणाच्या वेळी. पंचांनी तांदूळ पाठवला. फक्त एकच वेळ वाजते म्हणून माप अर्ध्यावर आणलं. तोमेकिचीला आयुष्यात पहिल्यांदा रात्रभर झोपायची मुभा मिळाली, पण ती त्याला मानवली नाही. अजूनही तो अंधारात उठतो, अंगणात तळहात डोळ्यांपुढे धरतो, रेषा दिसल्या की आत जातो. सांगायला कुणी नसतं.

राहता राहिली एक गोष्ट. उतरताना तपासनीसांच्या विलायती बुटांत पाणी शिरलं होतं आणि पायाची बोटं निळी पडली होती. ते पायरीवर बसून कण्हू लागले, तसे तोमेकिचीने आपले गवताचे जोडे काढून त्यांच्या पायांत चढवले. ओत्सुनेने दोन आठवडे बसून विणलेले, घोट्याच्या वर येणारे. वर काळा कोट, खाली गवताचे जोडे, अशी स्वारी डोलीत बसली, बूट हातात. जोडे आठवडाभरात परत पाठवतो, असं ते स्वतः म्हणाले.

याला तीन हिवाळे झाले. ओत्सुनेच्या सांगण्यावरून मास्तरांनी दोन पत्रं लिहिली, फुकट. चार तारखेनंतर नाही म्हणायला त्यांना तोंडच नव्हतं. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला शिक्क्यानिशी आलं, आणि या वेळी मास्तरांनी दोन्ही कागद वाचून दाखवले. सरकारी अधिकाऱ्यांच्या ठरवून दिलेल्या पोशाखाच्या यादीत गवताचे जोडे नाहीत; सबब सदर अधिकाऱ्याने ते घातले असणं संभवत नाही; सबब परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

"पण पायात तर होते," तोमेकिची म्हणाला.

ओत्सुने दुसरे विणायला तयार नाही. दुसरे विणले तर ते पहिले आपण सोडल्यासारखे होतील, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तोमेकिची यंदाही लाकडी खडावांना चिंध्या गुंडाळून चाळीस पायऱ्या चढतो, आणि तिसरं पत्र कुणाच्या नावाने लिहावं यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही.