परीच्या दोन गाठी

आधी कबूल करा, हसायचं नाही. करताय? जाऊ दे, तुम्ही हसणारच, तुमचे चेहरेच सांगताहेत. चहा घ्या आणि ऐका. सिंगापूरला येऊन मी माझी जी शोभा करून घेतली, तिचा विषय इथल्या मराठी मंडळींत अजून निघतो. आणि कशावरून? मुठीत मावेल एवढ्या एका उंदरावरून!

उंदीर म्हटलेलं इराला चालत नाही हं. इरा म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. "आजी, नॉट उंदीर लाह! हॅमस्टर!" असं, वाक्याच्या शेपटीला इथलं 'लाह' लावून, दहादा बजावून झालंय तिचं.

माझा मुलगा निखिल आणि सून प्राजक्ता सेंगकांगला राहतात, अकराव्या मजल्यावर. मी आणि हे वर्षातले काही महिने त्यांच्याकडे असतो. आधी इरा माझ्याशी दोनच वाक्यं बोलायची, 'हाय आजी' आणि 'बाय आजी'. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि मधे प्राजक्ता दुभाषी. सख्ख्या नातीशी बोलायला मध्यस्थ लागावा! वाईट वाटायचं हो.

मग वाढदिवसाला परी आली. पांढरी शुभ्र, मण्यांसारखे डोळे, एवढुशी. दुकानदारानं सांगितलं मुलगी आहे, म्हणून नाव परी. आणि काय सांगू, परीबद्दल सांगताना ही पोरगी चक्क मराठीत घुसायला लागली. "आजी, बघ, तिचा गाल फुग्या झाला!" फुग्या! असेना का चुकीचं, मराठी होतं ते. रोज संध्याकाळी आम्ही दोघी पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसायचो. त्या उंदरानं मला माझी नात मिळवून दिली, असं म्हणा ना.

जूनच्या सुट्टीत तिघं पाच दिवसांसाठी बालीला निघाले. फ्रिजवर इराच्या अक्षरात कागद चिकटवला गेला. दाणे किती, पाणी कधी, भुसा कधी बदलायचा. निघताना तिनं माझा हात धरला. "आजी, परीला काही नाही होणार ना?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

आता पुढचं नीट ऐका. परीचा पिंजरा इराच्या खोलीत असायचा आणि त्या खोलीत एसी. एकट्या परीला बंद खोलीत कशाला कोंडायचं, म्हणून मी पिंजरा हॉलमध्ये खिडकीशी आणून ठेवला. म्हटलं, बिचारीला वारा लागेल. वारा कसला! त्या दिवसांत झाडाचं पान हलत नव्हतं. आम्हीच घामानं निथळत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परी उठली, आळस दिला आणि मागच्या दोन पायांवर उभी राहून बाटलीचं पाणी प्यायला लागली. मी कौतुकानं वाकून बघते तर काय! शेपटीच्या खाली दोन गाठी. चांगल्या टपोऱ्या, गुलाबी, शेंगदाण्यांएवढ्या! कालपर्यंत नव्हत्या हो. शपथेवर सांगते, नव्हत्या.

"अहो! इकडे या आधी!"

हे आले. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाकून पाहिलं. "अगं..." म्हणाले.

"अगं काय? गाठी आहेत ना?"

"मला वाटतं, त्या..."

"दोन आहेत! दोन्ही बाजूंना सारख्या!"

"तेच म्हणतोय मी. सारख्या आहेत, म्हणजे..."

"म्हणजे पसरलंय!" मी म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा परीकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर उघडला. माझा असा संताप झाला म्हणता! घरात जीव जातोय आणि हा माणूस शब्दकोडं सोडवतोय.

आता सूज म्हटल्यावर आपण काय करतो? हळद! कोमट पाण्यात हळद कालवली, कापसाचा बोळा केला, आणि परीला टॉवेलमध्ये धरून शेक-लेप सुरू केला. ती मला दोनदा चावली. चावू दे, म्हटलं, दुखत असेल लेकराला. लेप काही गाठींपुरता राहिला नाही. अर्ध्या तासात परी कमरेपासून खाली पिवळी धमक, लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागलेल्या नवरीसारखी.

तेवढ्यात इराचा व्हिडिओ कॉल. मी परीचं नुसतं तोंड दाखवलं.

"आजी, ती येलो का दिसते?"

"उजेड पडलाय गं दिव्याचा."

"पूर्ण दाखव ना."

"झोपू दे तिला, दमलीय." आठ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलले. घास उतरला नाही मला त्या रात्री.

सकाळी उठून बघते तर गाठी जिथल्या तिथे, उलट वाढल्यासारख्याच. मग मी शेजारच्या लिम अंकलना गाठलं. सत्तरीचे गृहस्थ, घरी लाल कानांची दोन कासवं पाळलेली. म्हटलं, प्राण्यांतलं कळणारा माणूस आहे. पिंजरा घेऊन थेट त्यांच्या दारात.

अंकल वाकले. बघितलं. सरळ झाले. छताकडे बघायला लागले. कान लाल झाले, त्यांच्या कासवांसारखे.

"आंटी... नो प्रॉब्लेम लाह."

"हाउ नो प्रॉब्लेम? सो बिग!"

"धिस वन... ऑल आल्सो हॅव. सेम सेम."

सगळ्यांना आहे! माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे साथ आहे साथ! मी घाबरत विचारलं, "युवर टॉर्टॉइज आल्सो?"

अंकलनी घसा खाकरला. "वन हॅव. वन डोन्ट हॅव. बट इनसाइड. कॅनॉट सी."

आतल्या आत! "मेडिसिन?"

"नो नीड. ट्वेल्व इयर्स ऑलरेडी."

बारा वर्षं ते मुकं जनावर अंगावर दुखणं काढतंय आणि हा माणूस म्हणतो नो नीड! मी तडक पिंजरा उचलून घरी आले. आतून लिम आंटींनी काहीतरी विचारलं, अंकलनी हळूच उत्तर दिलं, आणि मग त्या घरातून जो आवाज आला तो मला रडण्याचा वाटला. मनात म्हटलं, कासवाची बातमी कळली वाटतं आत्ता त्यांना.

आणि मग मी ते केलं, जे करायला नको होतं. सेंगकांग-पुंगोलच्या मराठी बायकांचा आमचा एक ग्रुप आहे, साठेक जणी. त्यावर फोटो टाकला. जवळून काढलेला, भरपूर उजेडात, मागच्या बाजूनं. खाली लिहिलं, 'मैत्रिणींनो, सावध! हॅमस्टर आणि कासवांमध्ये गाठींची साथ आली आहे. कासवांमध्ये ती आतून असते, दिसत नाही. आपापले प्राणी तपासून घ्या.'

धडाधड उत्तरं! एकीनं हात जोडले, एकीनं होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवल्या, एकीनं एरंडेल. एकीनं लिहिलं, 'काकू, धीर धरा, परीसाठी रामरक्षा म्हणते.' पुंगोलच्या एका मुलीनं तर विचारलं, 'आमच्या सशाला पण असंच आहे, लागण झाली असेल का?' मी लिहिलं, 'ताबडतोब दाखव!'

आणि मीही ताबडतोब निघाले. अशा छोट्या प्राण्यांचा दवाखाना शोधला, पिंजऱ्यावर ओढणी घातली, टॅक्सी बोलावली. हे मुकाट्यानं बरोबर आले. वाटेत एकदा म्हणाले, "हे बघ, तिथे जाण्याआधी माझं एक ऐकशील?"

"आत्ता नको हो. मी स्तोत्र म्हणतेय."

दवाखान्यात आमच्या आधी एक तरुण होता, मांडीवरच्या खोक्यात कासव घेऊन. मी त्याच्याकडे सहानुभूतीनं बघितलं. "इनसाइड?" मी विचारलं. तो म्हणाला, "यस, इनसाइड द बॉक्स." बिचारा, म्हटलं, ह्याला अजून कल्पना नाही.

फॉर्म भरला. नाव: परी. लिंग: स्त्री. तक्रार: दोन गाठी, वेगानं वाढणाऱ्या.

डॉक्टरीण अगदी पोरसवदा, शांत, हसरी. तिनं अलगद परीला तळहातावर उताणं घेतलं. बघितलं. भुवया वर गेल्या.

"व्हाय इज ही येलो?"

"शी," मी दुरुस्त केलं. "टर्मरिक आहे. अँटीसेप्टिक."

"यू पुट टर्मरिक ऑन हिम? हिअर?"

"ऑन हर," मी पुन्हा म्हटलं. आजकालची मुलं, नीट फॉर्मसुद्धा वाचत नाहीत! मग मी एकदाचा हंबरडा आवरून सांगितलं, "डॉक्टर, माझी नात परवा येतेय. लपवू नका काही. ऑपरेशन करायचं तर आजच करा. रिमूव्ह बोथ!"

शेजारी बसलेल्या ह्यांनी नकळत दोन्ही पाय जवळ घेतले.

डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली. "कॅन रिमूव्ह," ती सावकाश म्हणाली, "बट व्हाय, आंटी? ही इज व्हेरी हेल्दी."

"विथ ट्यूमर?"

"नॉट ट्यूमर." तिनं ओठ चावले, एकदा ह्यांच्याकडे बघितलं, जणू परवानगी मागतेय. ह्यांनी मान डोलावली. "आंटी, परी इज अ बॉय. दोज आर हिज... यू नो. बॉय थिंग्ज."

मी पुन्हा एकदा वाकून बघितलं.

मग तिनं समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. हॅमस्टरांचं हे प्रकरण अंगाच्या मानानं मोठंच असतं. गारव्यात ते वर ओढून घेतात, गरम झालं की मोकळं सोडतात. खोलीत एसी होता, अंगावर केस दाट, शिवाय तेव्हा वयानं लहान, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्याला उकाड्यात आणून बसवला, आणि त्यानं आपलं निसर्गाला धरून जे करायचं ते केलं.

आणि मी? मी त्यावर हळदीचा शेक दिला. दोन वेळा चावला बिचारा! मी असते तर दहा वेळा चावले असते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी ह्यांना विचारलं.

"पहिल्या मिनिटापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वाक्य पुरं करू दिलंस का?"

परीला आत नेऊन हळद धुणार होते. आम्ही बाहेर येऊन बसलो. फोन उघडला तर आमच्या ग्रुपमधल्या वैदेहीचे सात मिस्ड कॉल. ती खरी डॉक्टर आहे, माणसांची. खाली मेसेज, 'काकू, आधी तो फोटो काढून टाका. तो मुलगा आहे!' टाकला मी काढून. पण तोवर तो साठ घरांतल्या साठ नवऱ्यांनी बघून झाला होता. पुंगोलच्या त्या मुलीचा फक्त एक शब्द आला होता, 'काकूऽऽऽ'.

तेवढ्यात बालीहून इराचा कॉल. आता लपवायचं काय आणि कसं? सांगून टाकलं. परी बरी आहे, पण परी मुलगा आहे, आणि काल मी तुझ्याशी खोटं बोलले. सॉरी, बाळा.

माझा जीव टांगणीला.

"बॉय?" इरा म्हणाली. "ओके लाह. नाव परीच ठेवू. आजी, तू रडली?"

"थोडीशी."

"रडू नको. मी येते ना परवा." मराठीत! पूर्ण वाक्य मराठीत! साठ काय, सहाशे बायका हसू देत, म्हटलं.

डॉक्टरीण परीला घेऊन बाहेर आली. पांढरा शुभ्र, फुलासारखा, आणि माझ्याकडे पाठ करून बसलेला. माझा उतरलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. शेजारी टेकली आणि गप्पा मारायला म्हणून तिनं विचारलं, "आंटी, इन इंडिया यू वेअर वर्किंग?"

"टीचर," मी अभिमानानं सांगून बसले. "ट्वेंटी सिक्स इयर्स. हायस्कूल."

"वाव! विच सब्जेक्ट?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नाशिकला सव्वीस वर्षं, आठवी ते दहावी, तिन्ही इयत्तांना मी जीवशास्त्र शिकवलंय. प्राण्यांची रचना, प्रजनन, सगळं. फळ्यावर रंगीत खडूनं आकृत्या काढून, नावं देऊन.

हे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरीण बघत होती. परीनंसुद्धा मान वळवली.

"जिऑग्रफी," मी म्हटलं.