शेवटची खुर्ची

लुवेनिया गॅदर्सला गावात सगळे ‘कोच’ म्हणत. काहीजण मनापासून, काहीजण हसू दाबून. अलाबामातल्या त्या लहानशा गावात कोच म्हणजे फुटबॉलचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला; आणि ही तर शाळेतून निवृत्त झालेली, कठडा धरून जिना उतरणारी बाई. काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून बोलतं करायचं, हे तिचं काम. रंगापायी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या जखमा आधी उघड्या करायच्या, आणि मग त्यांच्याकडे बघत आपण मुळात कोण आहोत हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

बैठक चर्चच्या तळघरात भरे. खुर्च्या गोल मांडलेल्या. नियम तिनेच घातलेला होता: एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ना वाद घालायचा ना समजूत काढायची. बोलणं संपलं की सगळ्यांनी फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं. काळ्या मंडळींना हे सुरुवातीला फार जड गेलं. चर्चमध्ये प्रवचनाच्या प्रत्येक वाक्याला ‘बोल बाबा, बोल’ म्हणत साथ देणारी माणसं ती. गप्प बसणं म्हणजे त्यांना अपमानच वाटे. तिनं गोडीगुलाबीनं ती सवय मोडून काढली.

तिच्या जवळचा एकच माणूस बैठकीला कधी आला नव्हता. तिचा थोरला भाऊ सीफस. लाकडाच्या गिरणीत त्याचा जन्म गेला होता. तो तिला विचारायचा, “काय विनी, गोऱ्यांचे डोळे पुसायला रुमाल तूच घरून नेतेस का?” ती हसून सोडून देई. पण आत एक गोष्ट टोचत राही. लुवेनियाच्या जन्माआधी त्यांची एक बहीण होती, ओपल. पाच वर्षांची असताना घटसर्पानं गेली. आई कामावर होती, वडील लाकूडतोडीला दूर गेलेले. घरात तिच्याजवळ एकटा सीफस होता, नऊ वर्षांचा. त्या दिवसांत काय झालं हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अजूनही शेजारचं एखादं मूल खोकलं तरी तो उठून अंगणात निघून जाई. परक्यांना बोलतं करणाऱ्या लुवेनियाला स्वतःच्या भावाला बोलतं करता आलं नव्हतं, आणि आता तो थकत चालला होता.

एका रविवारी जेवताना, माशाचा काटा काढत तोच म्हणाला, “येतो एकदा तुझ्याकडे. पण मला कुणी मिठी मारायची नाही. तुझ्या भक्तांना सांगून ठेव.”

“दादा, तू बायकोला तरी मिठी मारू देतोस का?”

वहिनी, अर्लीन, खो खो हसली. लुवेनियाही हसली, आणि मग भांडी घासताना रडली.

तो आला तो अंत्यविधीला घालायचा काळा कोट घालून. बोलण्याची फेरी तिच्या डावीकडून सुरू होई, म्हणून तिनं त्याला उजवीकडे बसवलं. पाळी शेवटी येईल, इतरांचं ऐकून त्याला धीर येईल, असा तिचा विचार. त्या दिवशी एक गोरी म्हातारीही पहिल्यांदाच आली होती, मिस ॲडेलीन. लुवेनिया आणि सीफसची आई तिच्याच घरी कामाला होती. लुवेनियाला ते ठाऊक होतं. समोरासमोर बसलेलं दोघांनाही बरंच, असं तिला वाटलं. आपल्या कामावर तिचा तेवढा भरवसा होता.

मिस ॲडेलीनची पाळी आली. “आमच्याकडे डोसी होती,” ती म्हणाली. “मला घटसर्प झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिली. घरी जाते म्हणाली की मी रडायचे, मग वडील तिला जाऊच देत नसत. आईपेक्षा जास्त माया केली तिनं माझ्यावर. तशी माया आता कुठं राहिली?” आणि ती खरोखरच रडू लागली.

सीफस तिच्याकडे बघत होता. तिनं काहीतरी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पण दुसऱ्यांच्या तोंडून असंच काही निघालं तेव्हा याच नियमावर बोट ठेवून तिनं कितीजणांना गप्प केलं होतं. ती “ऐकलं” म्हणाली. सगळे म्हणाले.

फेरी पुढे सरकत राहिली. कोण काय बोललं ते तिच्या कानांत शिरलं नाही. शेवटी सीफस उठून उभा राहिला.

“तिचं नाव थिओडोशा होतं,” तो म्हणाला. “मिसेस थिओडोशा गॅदर्स.”

त्या काळी त्या घरातलं कुणी काळ्या बाईला मानानं मिसेस म्हणत नसे, नुसती नावानं हाक मारत. खोलीतल्या म्हाताऱ्यांना ते समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला पुढं बोलायचं होतं. त्यानं श्वास घ्यायला तोंड उघडलं, आणि बोलणं संपलं असं समजून सगळे एका सुरात म्हणाले, “ऐकलं.” त्यात लुवेनियाचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. जीभ सवयीनं वळली होती.

त्यानं हॅट डोक्यावर ठेवली आणि तो जिना चढून गेला.

मिस ॲडेलीननं विचारलं, आपलं काही चुकलं का. लुवेनियानं तिला त्याच दिवसांत घरी आईविना गेलेल्या ओपलबद्दल सांगितलं. म्हातारी पांढरीफटक पडली. आपल्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणाली. ते खरंच असावं.

भावाच्या दारात अर्लीन उभी होती. गेला आठवडाभर तो ट्रकच्या काचा वर करून आत बसत होता, ती हलक्या आवाजात म्हणाली. नुसते ओठ हलताना दिसत.

सीफस मागच्या ओट्यावर बसला होता. रागावलेला दिसत नव्हता. लुवेनिया त्याच्या पायाशी पायरीवर बसली. “मला एकटीला सांग, दादा.”

तो म्हणाला, “फार नव्हतं गं. दोन-चार वाक्यंच होती. कशीतरी जुळवली होती. आता सापडत नाहीत.” मग म्हणाला, “जेवून जा.”

अर्लीननं घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली. तिघं जेवायला बसली. मधेच सीफसचा हात थांबे, नजर टेबलावर काहीतरी शोधू लागे. लुवेनिया घास तसाच ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राही. तो मीठ शोधत असे.