मुद्देमाल : एक काळा दगड

ती घटना आठवली की आजही आधी सुक्या बोंबलांचा वास येतो, मग बाकीचं सगळं.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. ठाणे शहरात जुन्या कचेरीजवळच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. शेजारीच इंग्रजी अमदानीतला चौक. मधोमध गुडघाभर उंचीचा काळा दगड, त्यावर कुणा गोऱ्या साहेबाचं नाव. दगडाच्या खाडीकडच्या बाजूला कोळणी मासे विकायला बसत. महापालिकेने तिथे कारंजं करायचं ठरवलं. दगड बागेत जाणार होता आणि कोळणी मागच्या बोळात. दगड हलवायच्या आदल्या दिवशी तो गायबच झाला.

महापालिकेच्या अभियंत्याने फिर्याद दिली. आमच्या हवालदाराने चौकात जाऊन पंचनामा केला. उद्घाटनाला मंत्री येणार असल्यामुळे वरून सारखे फोन येऊ लागले.

संशयित दोन. चौकाचं नाव बदलायला निघालेले एक पुढारी म्हणाले, "साहेब, तो दगड चोरून घरात काय पुजू? मला तो फोडायचाय, तोही फोटोग्राफरसमोर!" दुसरे इतिहासप्रेमी निवृत्त गुरुजी. ते दगड बागेत न्यायच्या विरोधात होते. त्यांनी चौकाचा साद्यंत इतिहास सांगितला. गोऱ्या साहेबाला रयतेचा फार कळवळा, म्हणून त्याने कोळणींना जागा दिली आणि हद्दीला दगड रोवला, म्हणे. चौकशीत संशयित थकतात असा माझा अनुभव. इथे हवालदार झोपला.

मग चौकातला पानवाला, आमचा खबरी, हळूच म्हणाला, "साहेब, कोळणी भवानीची नोट, म्हणजे दिवसाची पहिली, त्या दगडाला लावून मगच कमरेला खोचतात. दगड गेला, तरी एकीनेही बोंब मारली नाही. असं कसं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मांजराने एक बोंबील पळवला तर या बायका चौक डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत गेलो आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून बोंबील घेतले. सगळ्यांत वयस्क आजींनी माझी नोट शेजारच्या उपड्या टोपलीला टेकवली.

"आजी, टोपली उचला."

"कशाला? आत मासली नाय."

हवालदाराने टोपली उचलली. आत दगड. त्याचा चेहरा पडला, कारण पंचनामा त्याने याच टोपलीवर कागद ठेवून लिहिला होता.

"कोणी हलवला?"

"आमी सगल्यांनी," तिथल्या पाचही कोळणी एका सुरात म्हणाल्या. मग आजी पुढे झाल्या. "सायबा, गोऱ्या सायबानं माजे आजीला सांगलं व्हतं, दगराचे अल्याड बस, तुला कोन उठवनार नाय. दगर गेला तं आमी कुठं बसाचं रं?"

मला गलबलून आलं. पण कायदा तो कायदा. दगड जप्त करून ठाण्यात आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जणी टोपल्यांसह ठाण्यात हजर. भवानीची नोट दगडाला लागायलाच हवी, आणि दगड ठाण्यात, म्हणून पहिली विक्रीही ठाण्यातच. शिपायांची चैन झाली. लॉकअपमधला पाकीटमार सुरमईचा भाव विचारू लागला. मांजरांनी ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली बिऱ्हाड थाटलं. फिर्यादी दारातूनच परत फिरू लागले. वरिष्ठ तपासणीला आले, नाकाला रुमाल लावून निघून गेले.

शेवटी मीच कोर्टात धावलो. चोरीचा हेतू नव्हता, माल चौकाबाहेर गेलाच नव्हता, दगड मूळ जागी ठेवावा, असा अहवाल दिला. कोर्टाची खिडकी आमच्याच अंगणात उघडत होती. आदेश लगेच मिळाला. दगड परत रोवला, कोळणी अल्याड बसल्या, कारंजं कोपऱ्यात गेलं. उद्घाटनाला मंत्री आले, पाणी आलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा बोंबील आणायला गेलो, तर महापालिकेचा एक नवा साहेब आजींना उठवत होता. आजींनी दगडावर हात ठेवला. "ह्यो पयला गोऱ्या सायबानं बसवला. मंग ह्या सायबानं," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "लय मायालू मानूस!"

त्या गृहस्थाने मला आदराने नमस्कार केला आणि तो निघून गेला. मीही तो नमस्कार खुशाल घेतला. इतिहास कसा लिहिला जातो, हे मला या एका दगडाने शिकवलं. गोऱ्या साहेबाच्या कळवळ्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. त्याच्याही कचेरीला दार होतं, त्यालाही नाक होतं, आणि आजींच्या आजीच्या डोक्यावर टोपली होती.