टेगवेनच्या टेबलावरचा कोपरा

टेगवेन प्रॉसर गिऱ्हाइकांच्या गोधड्यांच्या पोटातला माल चोरते आणि परदेशी पाव्हण्यांना विकते, अशी आमच्या गावात कुजबुज होती.

आता गावात गोधड्यांचं दुकान एकच, टेगवेनचं, आणि त्याच्या बरोबर समोर नेस्टाचं चहाचं दुकान. तिथल्या खिडकीपाशी माझी खुर्ची ठरलेली. आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे काचेतून बाहेर बघत बसायची सवय काही सुटत नाही. तेव्हा ही कुजबुज कुठे उगवली आणि तिला खतपाणी कोणी घातलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण बिनबुडाची नव्हती हो! आम्हा वेल्समधल्या लोकांची रीत अशी, की नवी गोधडी शिवताना आत भर म्हणून घरातलं जुनं ब्लँकेट घालायचं, नाहीतर जुनी गोधडीच. विरली म्हणून टाकून द्यायची नाही, तिच्यावर नवं कापड चढवायचं. आपल्या गोधडीच्या पोटात कोणाच्या आजीची गोधडी आहे, कुणालाच ठाऊक नसतं. आणि असल्या जुन्या गोधड्यांवर बाहेरचे शौकीन जीव टाकतात.

नेस्टानं आपली गोधडी, टेगवेननंच कधीकाळी शिवलेली, मधे फाटली म्हणून तिच्याकडे दुरुस्तीला टाकली होती. परत आली तेव्हा मधलं ठिगळ झकास. पण एका कोपऱ्यातले टाकेही नव्या दोऱ्याचे.

"कोपरा कुठे फाटला होता?" नेस्टा मला म्हणाली. "हातात घेऊन बघ, ग्विलिम. हलकी लागतेय की नाही?"

मी हातात घेतली. हलकी बिलकी काही लागली नाही, पण गरम केक नुकताच समोर आला होता, म्हणून म्हटलं, "लागतेय खरी."

मग एकेकाच्या गोधड्या तपासल्या गेल्या. टेगवेनच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकीचा एक कोपरा उसवून पुन्हा शिवलेला! दुकानात चार लोकांदेखत विचारावं, तर ती चष्म्यावरून नुसती बघायची. "टाके सैल होते," एवढंच उत्तर. त्या बाईनं आयुष्यात लांबलचक वाक्य कधी बोलल्याचं ऐकिवात नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा चॅपलमध्ये सांत्वनाला आलेल्यांना तिनं "बसा" म्हटलं आणि गप्प झाली. अशा माणसावर संशय घ्यायला किती सोपं जातं!

आणि मग ती डॅनिश बाई उगवली. बोदिल तिचं नाव. सुट्टीवर आलेली. उंच, पिवळा रेनकोट, काखेत हे एवढं मोठं गाठोडं. टेगवेनच्या दुकानात शिरली, आणि थोड्या वेळानं टेगवेननं भर दुपारी दाराची पाटी उलटी फिरवली: बंद. हिनं आईच्या अंत्यविधीच्या दिवशीही संध्याकाळी दुकान उघडलं होतं!

"सौदा चाललाय," नेस्टा म्हणाली.

"पण ती गाठोडं घेऊन आलीय. न्यायला आलेली मोकळ्या हातानं येईल ना?"

"अरे, आत रिकामी पिशवी असेल. चल, ऊठ. माझ्या गोधडीतला माल कुठल्या देशात गेलाय ते तरी कळू दे."

"मी कशाला?"

"साक्षीदार म्हणून. तसाही फुकट चहा पीत बसलायस."

मागच्या दाराची कडी टेगवेन कधीच लावत नाही. आम्ही आत शिरलो. मोठ्या टेबलावर लाल-काळी गोधडी पसरलेली, तिचा कोपरा उसवलेला, आणि टेगवेनच्या हातात कात्री.

"रंगेहाथ!" नेस्टा ओरडली. "बाई, पोलिसांना बोलवा! ही चोर आहे, तुमची गोधडी फाडतेय!"

बोदिल शांतपणे म्हणाली, "मला विचारून उसवलीय. माझ्या आईनं ही इथूनच विकत घेतली होती. काठ झिजलाय, म्हणून मी घेऊन आले."

"तुम्हाला विचारून? मग आम्हाला का नाही विचारलं गं, टेगवेन? आमच्या गोधडीतलं काय काय काढलंस?"

टेगवेनचं बोट त्या कोपऱ्यावर होतं. चार बोटं रुंद उघडलेल्या फटीत एक जुनी चादर कापलेली होती आणि तिच्याखाली आतली जुनी गोधडी दिसत होती, निळ्या पट्ट्यांची, आणि तिच्यावर टाक्यांचं गोगलगायीसारखं वेटोळं. आमच्याकडची वेटोळी उजवीकडे फिरतात. हे डावीकडे फिरलेलं. गावात डावऱ्या हातानं शिवणारी एकच बाई होऊन गेली: टेगवेनची आई.

नेस्टाचा आवाज एकदम खाली आला. "ही ब्रोनवेनमावशीची?"

"लग्नात मला दिलेली," टेगवेन म्हणाली. "जपायला वर एक जुनी चादर शिवलेली होती. दुकानाच्या पहिल्या वर्षी घाई होती. चादरीसकट भर समजून घातली. कुणाच्या गोधडीत, ते आठवेना." एवढं बोलल्यावर तिला दम लागल्यासारखं झालं.

"अगं, मग सांगायचं नाही का? सगळ्या गावानं उसवून दाखवल्या असत्या!"

"आईनं दिलेली गोधडी मी विकली, हे गावाला सांगू?"

नेस्टा एप्रनला हात पुसायला लागली. मी छताकडे बघितलं.

बोदिल पुढे झाली. "काढून घ्या. तुमचीच आहे. मला आत दुसरं काहीतरी घालून द्या."

टेगवेननं गोधडीवरून तळहात फिरवला. वरचे टाके तिचे स्वतःचे, बारीक, आरपार गेलेले. नवी आणि जुनी एकमेकींना शिवून टाकलेल्या. जुनी सोडवायची म्हणजे तिला ओरबाडूनच काढायची, आणि विरलेलं कापड ते. तिनं कात्री उचलली, तेव्हा नेस्टानं माझा दंड घट्ट धरला.

"आई हिच्याखालीच झोपायची," बोदिल म्हणाली. "आता मी झोपते. पण तुम्ही घ्या."

टेगवेननं कात्री खाली ठेवली, सुईत दोरा ओवला आणि कोपरा शिवायला घेतला. तिच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, तरी टाका चुकला नाही.

नेस्टाला मात्र राहवेना. "आणि माझ्या गोधडीत काय निघालं?"

"ब्लँकेट. हॉटेलचा शिक्का असलेलं. तुझ्या सासऱ्यानं आणलेलं दिसतंय."

"चोरून?"

"मी काही बोलले का?"

"आणि माझ्या..." मी तोंड उघडलं.

"विचारू नकोस, ग्विलिम."

मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

टेगवेन गिऱ्हाइकांच्या गोधड्या गुपचूप उसवायची, हे खरं होतं. तिनं त्यातून काही काढलं नाही. ती आपल्या आईची गोधडी शोधत होती. ती सापडली, आणि आता डेन्मार्कमध्ये बोदिलच्या पलंगावर आहे.