बाबांच्या छातीतली धडधड

आई गेल्यानंतर सहा वर्षांनी बाबांची भूक मेली. झोप उडाली. "छातीत धडधडतं गं," असं म्हणाले, तेव्हा मात्र मी घाबरले. कोथरूडला एका क्लासमध्ये मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. नको ते सगळे रोग मला पाठ.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. मग डॉक्टरबाईंनी छातीला एक छोटं यंत्र लावून दिलं. चोवीस तास ठोके नोंदवणारं. आपण कधी काय केलं ते वहीत लिहायचं. बाबांचा जन्म सरकारी नोकरीत गेलेला, त्यांनी मिनिटांसकट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई आलेख बघत म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. फक्त संध्याकाळी पाच चाळीसला ठोके एकदम वाढलेत. जिना चढलात का?"

"नाही. बागेत बाकावर बसलो होतो."

"एकटेच?"

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे कान लाल झाले होते.

"यावर माझ्याकडे औषध नाही," बाई म्हणाल्या. "बाक बदलू नका, म्हणजे झालं."

रिक्षात बाबांनी हळूहळू सांगितलं. नागपूरच्या एक निवृत्त नर्स आहेत, मुलाकडे राहायला आल्यात, संध्याकाळी बागेत भेटतात. "त्या फाटकातून येताना दिसल्या की हात गार पडतात. हे या वयात शोभतं का?"

"शोभायचा काय प्रश्न? ॲड्रेनलिन आहे ते. सोबत डोपामिन. भूक, झोप त्यानंच जाते. मेंदू कुठे वय विचारतो?"

मग बाबा म्हणाले, "तुझ्या आईला बघून शेवटी शेवटी असं कधीच व्हायचं नाही. ती घरात असली की नुसतं शांत वाटायचं. मग ते काय होतं?"

"तेही प्रेमच, बाबा. त्याचं रसायन वेगळं, ऑक्सिटोसिन. वर्षानुवर्षं एकत्र राहून..." धडा पाठ होता, पण मला वाक्य पुरं करता आलं नाही. बाबांनी माझा हात हातात घेतला.

रविवारी मी त्या नर्सबाईंना चहाला बोलावलं. त्या डबाभर सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, घेऊन आल्या. आधी आईच्या फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना काय आवडायचं?" मी सांगत बसले आणि चहा निवून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदारांतली पहिली सही माझी.