बांधावरचा रानकांदा

बोरीच्या थांब्यावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीपाशी येऊन हळूच विचारलं, "गवत शिकायला कुणी जर्मनीला जातंय व्हय? खरं काय ते सांग." मी कुणाबरोबर तरी पळून चालले आहे, असं भावकीनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, पुढच्या कामाची तालीम गावानंच करून घेतली.

कारण माझा पेशाच संशयाचा. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या कोठारात, मी दिवसभर एकेका रोपाला उलटसुलट विचारत बसते. तू सांगतोस तोच आहेस का? तुझे पूर्वज कोण, गाव कोणतं? उत्तर पटलं नाही तर डीएनए. गाव माहीत नसलेल्या रोपाला आमच्याकडे फारशी किंमत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले, तेव्हा आमच्याच बांधावरच्या रानकांद्याची फुलं मला वेगळी दिसली. इतका कडू की शेळीही तोंड लावत नाही, म्हणून त्याच्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. शास्त्राला अजून ठाऊक नसलेली जात असावी, असं वाटून मला झोप लागेना. जीपीएस घेऊन बांधभर फिरले, आकडे टिपले, फोटो काढले. आप्पा गेल्यापासून शेत कसणारा माझा थोरला भाऊ लांबून बघत होता.

"बांध कशाला मोजायलीस?" जेवताना त्यानं विचारलं.

मी फुलांचं सांगितलं. दादा नुसतं "बरं" म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला.

यंदा फुलं पुन्हा तपासायला आले, तर बांध साफ.

"शेळ्यांनी खाल्लं असंल," दादा म्हणाला.

शेळ्या खुरप्यानं खड्डे करत नाहीत. मी त्या खड्ड्यांकडे बघत उभी राहिले. शेवटी तोच गोठ्यात गेला आणि एक पोतं आणून माझ्यापुढं ठेवलं. सगळे कांदे त्यात.

"हे घे तुझं. आता रानात मोजायचं काय राह्यलं न्हाई. पालमच्या चुलतबहिणीनं बी आधी मोजणीच केली, मग वाटा मागितला. मला काय कळत न्हाई व्हय?"

खरं सांगते, वाट्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. हक्कसोडीच्या कागदावर मी हसत सही केली असती. पण पोतं उचललं आणि वाटलं, आता या कांद्यांना गावच उरलं नाही.

"तो बांध मला पाहिजे," मी म्हणाले. "कागदावर."

दादा एकदम निवांत झाला. त्याचा संशय शेवटी खरा निघाला होता. खुरपं त्यानंच आणून दिलं.

कांदे मी पुन्हा त्याच खड्ड्यांत पुरले. रुजतील का, सांगता येत नाही. कागदाचं काम चालू आहे, आणि दादा फोनवर दोनच वाक्यं बोलतो. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले विचारतात, तिकडे सुखात आहेस ना? आहे. जर्मनीत माझ्यावर कुणीच संशय घेत नाही. तिथं माझा वाटाच नाही.